लेकराचं दिवसभराचं जेवण: एक ते तीन वर्षांसाठी, आपल्याच चुलीवरून

पहिला वाढदिवस होईपर्यंत बाळाच्या खाण्याकडे घरातल्या सगळ्यांचं बारीक लक्ष असतं. मऊ भात वेगळा लागतो, नाचणीची खीर वेगळी शिजते. बाळ चालायला लागलं की "आता आपल्यातलंच खातंय की" म्हणत ते लक्ष हळूहळू सुटतं. अवघड काळ खरं तर इथूनच सुरू होतो. अंगावरचं दूध कमी होत जातं, दाढा अजून आलेल्या नसतात, आणि घरचं कोरड्यास, म्हणजे भाजी-आमटी, असतं तिखटजाळ.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १००० किलोकॅलरी ऊर्जा लागते. हलकं काम करणाऱ्या बाईला लागते १६६० च्या आसपास. वजनाने आईच्या पाचव्या हिश्श्याएवढं असलेलं लेकरू आईच्या निम्म्याहून जास्त ऊर्जा मागतं, आणि त्याचं पोट तर वाटीभर. सगळी आखणी या एकाच अडचणीभोवती फिरते. पोट लहान आहे, तेव्हा त्यात जाणारा प्रत्येक घास कसदार हवा.

पहिल्यांदाच आई-बाप झालेल्यांना वाटतं की यासाठी डबाबंद पावडरी आणि महागडी फळं लागतील. मराठवाड्यातल्या घरात यातलं काही आणावं लागत नाही. ज्वारी, तूर, मूग, शेंगदाणे, करडईचं तेल, पालेभाज्या, दही आणि जमलं तर अंडं, एवढ्यात हे सगळं बसतं. बदलायची असते ती वाढण्याची पद्धत.

पहिली पायरी: दोन दिवस नुसतं लिहून काढा

काहीही बदलण्याआधी दोन दिवस लेकराच्या तोंडात काय-काय गेलं ते कागदावर लिहा. जेवण तर लिहाच. शिवाय आजोबांच्या बशीतला दोन घोट चहा, चहात बुडवलेली खारी, दुकानातून आलेला पाच रुपयांचा पुडा, दुपारी झोपवताना दिलेली दुधाची बाटली, शेजारच्या काकूंनी हातात दिलेलं बिस्कीट, हेही लिहा. बहुतेक घरांत हा कागद वाचला की "काहीच खात नाही हो" या तक्रारीचं कारण समोर येतं. लेकरू खातंय, फक्त दुसरंच काहीतरी खातंय.

आधी दुधाकडे पाहा. वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिलीलीटर दूध भरपूर झालं. त्याहून जास्त पाजलं की भूक मरते. दुधात लोह जवळपास नसतं, त्यामुळे दुधावरच राहणारी गुबगुबीत मुलंही रक्ताने कमी निघतात. आपल्या भागात "दूध पितंय ना, मग काळजी नाही" असं सर्रास म्हणतात. ती काळजी करायला हवी. बाटली बंद करा आणि दूध पेल्याने द्या.

चहा लेकराला अजिबात नको. चहातले टॅनिन नावाचे तुरट घटक जेवणातलं लोह शरीरात शोषू देत नाहीत, वरून साखर भूक मारते. बिस्किटं, पापडी, कुरकुरीत पुडे आणि दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी घरातच आणू नका. घरात असलं की दिलं जातंच. दोन वर्षांपर्यंत वरून साखर घालू नये. गूळही शेवटी साखरच आहे, तो चवीपुरता चालेल. फळांचा रस काढण्यापेक्षा फळच द्यावं.

घरातल्या मोठ्यांशी यावरून खटका उडतो, हे मला माहीत आहे. नुसतं "चहा देऊ नका" म्हटलं तर आजोबांना लागतं. त्यांना लेकराला काहीतरी भरवायचंच असतं, तर सकाळचं केळं भरवायचं काम त्यांच्याकडे सोपवा. लाडही होतात आणि खाणंही.

दुसरी पायरी: वेळा बांधा

दिवसातून तीन जेवणं आणि मध्ये दोन लहान खाणी. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचं अंतर, आणि त्या मधल्या वेळेत पाण्याशिवाय काही नाही. भूक लागायला मोकळा वेळ लागतो. येता-जाता चिमूटभर काहीबाही खाणाऱ्या मुलाला ती कधी नीट लागतच नाही.

बाळ अंगावर पीत असेल तर दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला हरकत नाही. फक्त जेवणाच्या आधी पाजू नका, जेवण झाल्यावर पाजा.

शेतावर जाणाऱ्या आयांचं वेळापत्रक वेगळं असतं. सकाळी आठलाच निघायचं असेल तर निघण्याआधीचं खाणं स्वतःच्या हाताने पोटभर घाला. दहाचं आणि साडेबाराचं घरी असणाऱ्या माणसाला वाटीत काढून दाखवून जा. "भूक लागली की द्या" असं सांगून गेलं की दुपारपर्यंत बिस्किटांवर निभावतं. "ही एवढी वाटी, बारा वाजता" असं सांगितलं तर जेवण होतं.

तिसरी पायरी: ताटात काय-काय आलं ते मोजा

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांसाठी एक सोपी मोजणी ठरवली आहे. अन्नाचे आठ गट केले आहेत, आणि रोज त्यातले किमान पाच पोटात जावेत अशी अपेक्षा आहे. दोन वर्षांनंतरही हीच मोजणी धरून चालायला हरकत नाही.

अंगावरचं दूध हा एक गट. दुसरा धान्यं आणि कंदमुळांचा: ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, बटाटा, रताळं. तिसऱ्यात डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, तीळ, जवस. चौथ्यात दूध, दही, ताक. पाचवा गट मांस, मासे, कलेजी. सहावा अंडी. सातव्यात 'अ' जीवनसत्त्व देणारी माळव्यातली आणि फळांतली मंडळी, म्हणजे हिरव्या पालेभाज्या, गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा. उरलेल्या सगळ्या भाज्या आणि फळं आठव्या गटात.

भाकरी आणि पातळ वरण खाऊन वर दूध प्यायलं की गट होतात तीन. त्यात चमचाभर मेथीची भाजी आणि अर्धा पेरू आला की पाच. इतकं साधं आहे ते. रोज रात्री लेकरू झोपल्यावर बोटांवर मोजा. चार भरले तर पाचवं उद्या काय घालता येईल ते ठरवून ठेवा.

चौथी पायरी: भाकरी-वरण घट्ट करा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण आपल्याकडची बहुतेक बाळं इथेच मागे पडतात.

आपल्या घरात लेकराला वाढतात ते वरचं पाणी. "त्याला पातळ लागतं, घशात अडकतं" म्हणून वरणाच्या वरचं निवळ काढून त्यात भात कालवतात. डाळ सगळी तळाला राहते आणि मोठ्यांच्या ताटात जाते. त्या पाण्याने पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. भाताच्या पेजेचं आणि पातळ आमटीत बुडवलेल्या पोळीचंही तेच.

घट्टपणाची खूण सोपी आहे. चमचा आडवा केला तरी घास लगेच ओघळता कामा नये. वरण वाढताना पळी तळापासून फिरवा आणि डाळ वर घ्या. लेकराच्या वाटीत डाळ-भात समसमान दिसली पाहिजे. दिवसभरात ३० ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे पोह्याचे साधारण तीन चमचे, त्याच्या वाट्याला यावी. तेवढ्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि या वयाची रोजची गरज असते बारा ग्रॅमच्या आसपास. उरलेली पेलाभर दूध-दह्यातून आणि भाकरीतून सहज येतात. प्रोटीनच्या डब्याची इथे कुठेच गरज पडत नाही.

ज्वारी आणि तूर एकत्र खाण्यात आपल्या आज्यांचा मोठा शहाणपणा आहे. ज्वारीच्या प्रथिनांमध्ये लायसीन हा अंगाला लागणारा घटक कमी असतो, डाळींमध्ये तो भरपूर. म्हणून नुसती भाकरी दुधात कुस्करून दिली तर चालते, पण वरणात कुस्करली तर दोन्ही धान्यं एकमेकांची उणीव भरून काढतात. घरी खिचडी किंवा पीठ करताना तीन भाग धान्याला एक भाग डाळ असं प्रमाण धरा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर काढलेलं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आलं. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त असतं. घरी शेती असेल तर लेकरासाठी दोन-चार ओळी टाकायला काय हरकत आहे?

भाकरी लेकराला चावत नाही, हे खरं आहे. पहिल्या दाढा साधारण तेरा ते एकोणीस महिन्यांत येतात. तोवर ताजी, गरम, मऊ पदराची भाकरी बारीक कुस्करा, वर गरम घट्ट वरण घाला आणि पाच-सात मिनिटं झाकून ठेवा. मग हातानेच मळून एकजीव करा. मिक्सरमधून काढू नका. वर्षाच्या मुलाला मऊ कण खायची सवय लागायला हवी. सगळं गुळगुळीत खाणारी मुलं पुढे घास गालात धरून बसतात.

वर एक लहान चमचा तूप किंवा करडईचं, शेंगदाण्याचं कच्चं तेल. एक चमचा तूप म्हणजे ४५ किलोकॅलरी, आणि पोटात जागा अगदी नगण्य. दिवसाला असे चार-पाच लहान चमचे स्वयंपाकात आणि वरून मिळून जायला हवेत. मोठ्यांना तेल कमी करायला सांगतात ते ठीक आहे, दीड वर्षाच्या मुलाला तो नियम लागू नाही.

आता तिखटाचं. आपल्या येसर आमटीचा आणि काळ्या मसाल्याचा झणका लेकराला झेपत नाही, आणि त्याच्यासाठी रोज वेगळं भगुणं चढवायला कुणाला वेळ आहे? त्यावर सोपी तोड आहे. वरण-भाजी शिजली, हळद-जिऱ्याची फोडणी पडली की तिखट-मसाला घालण्याआधीच लेकराचा वाटा वाटीत काढून घ्या. एकाच चुलीवर, एकाच भांड्यात काम होतं आणि चवही घरचीच राहते. मीठही त्या वेळी कमीच पडलेलं असतं, ते बरंच. मीठ मात्र आयोडीनयुक्तच वापरा.

भाकरी-वरणाचा कंटाळा आला तर आपल्याकडे याच वळणाचे पदार्थ पुष्कळ आहेत. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून निम्म्या दुधात आणि वर तूप घालून सकाळी द्या. त्यात मूठभर मुगाची डाळ शिजवली तर आणखी छान. चकोल्या तर जणू याच वयासाठी केलेल्या असाव्यात: गव्हाच्या पोळीचे लहान तुकडे तुरीच्या वरणातच शिजतात, मऊ होतात आणि डाळ सोडत नाहीत. तिखटाशिवायचं पिठलं, मूग-तांदळाची पालक घातलेली खिचडी, कोथिंबीर आणि किसलेला दुधी घातलेला मऊ धपाटा दह्याबरोबर, हे सगळं याच हिशोबात बसतं. आंबील चांगली, पण ती पातळ असते, म्हणून तिला जेवण समजू नका. उन्हाळ्यात दुपारी पाण्याच्या जागी द्या.

पाचवी पायरी: लोहाकडे वेगळं लक्ष

एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज ८ मिलिग्रॅम लोह हवं. शाकाहारी घरात एवढं भरणं हे या सगळ्यातलं सर्वांत कठीण काम आहे, म्हणून त्यासाठी मुद्दाम योजना करावी लागते.

पालेभाजी रोज, पण तिच्याकडून अवाजवी अपेक्षा नको. तांदुळजा, चाकवत, माठ, मेथी, करडईची कोवळी भाजी, शेवग्याचा पाला, जे माळवं आठवडी बाजारात मिळेल ते. धुऊन बारीक चिरा आणि वरणातच शिजवा. डाळभाजी म्हणून गेली की वेगळी पानावर उरत नाही. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून हाताने चुरून डब्यात भरून ठेवला, तर पावसाळा संपल्यावरही चमचाभर पिठात मिसळता येतो.

धान्य आणि पाल्यातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. त्यावर उपाय आंबटाचा. खायच्या वेळी वरणावर लिंबू पिळा किंवा जेवणानंतर पेरूची, मोसंबीची फोड द्या. 'क' जीवनसत्त्व सोबत असलं की तेच लोह जास्त लागू पडतं. जेवणाच्या मागेपुढे चहा नको आणि लगेच दूधही नको. दूध सकाळी किंवा झोपताना ठेवा. मटकी-मूग भिजवून मोड आणले की त्यातले लोह अडवणारे घटक कमी होतात. मोड आलेले मूग मात्र चांगले शिजवून, चेचूनच द्यायचे, कच्चे नाहीत. भाजी लोखंडी कढईत परता.

मांसाहार करणाऱ्या घरांना हे सोपं जातं. आठवड्यातून दोनदा मऊ शिजवलेलं, बारीक रेषा केलेलं मटण किंवा चिकन. कलेजीचे दोन-तीन लहान तुकडे आठवड्यातून एकदा पुरे. नुसता रस्सा देऊन "मटण खाल्लं" म्हणू नका. लोह मांसात असतं, रश्श्यात नाही.

एवढं करूनही सरकारी लोहाचं औषध चुकवू नका. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलीलीटर लोहाचं सिरप देण्याचा कार्यक्रम आहे. आशाताई किंवा अंगणवाडीताईंकडे विचारा. शी काळसर होते, ते नेहमीचं आहे, त्यासाठी औषध बंद करू नका. जंतनाशक गोळीही वर्षातून दोनदा: एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून, त्यानंतर पूर्ण.

सहावी पायरी: अंडं, दही आणि बी-१२ जीवनसत्त्व

बी-१२ जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही. पूर्ण शाकाहारी घरात ते दूध, दही, ताकातूनच येतं. म्हणून पाहुण्यांना चहा करायला दूध राखायचं आणि लेकराला पाणी घातलेलं द्यायचं, असं करू नका. आई स्वतः दूध-दही टाळत असेल आणि अंगावर पाजत असेल तर डॉक्टरांशी बोलावं.

अंडं चालत असेल तर रोज एक द्या, पिवळ्यासकट. सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं, बी-१२ आणि 'अ' जीवनसत्त्व एवढ्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळत नाही. "उन्हाळ्यात अंडं गरम पडतं" म्हणून चार महिने बंद करू नका. नीट उकडलेलं अंडं कुस्करून भातात मिसळा किंवा तुपावर परतून द्या.

सातवी पायरी: ऋतू आणि बाजार

पावसाळा आणि हिवाळा हे आपल्याकडे भरण्याचे महिने. दिवाळीच्या आसपास बालाघाटातली सीताफळं, थंडीत पेरू, गाजर, ओला हरभरा, ओली तूर. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात जी भज्जी शिजते, तिच्यात ओले दाणे, पालेभाज्या आणि बेसन एकत्र असतं. लेकराला त्या दिवशी तीच वाटीभर, दाणे चेचून, द्या. जालन्याची मोसंबी आणि अर्धापूर-वसमतकडची केळी बाजारात येतात, उन्हाळ्यात केशर आंबा. सफरचंद, किवीच्या मागे लागू नका. पिकलेली पपई आणि पेरू त्यांच्यापेक्षा जास्त देतात, आणि निम्म्या पैशात.

मार्चनंतर पालेभाजी महागते आणि पाण्याचीही ओढाताण असते. तेव्हा लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगांचा गर, बटाटा, वाळवलेला पाला, मोड आलेली कडधान्यं यांच्यावर भागवा. ऊन तापलं की मुलं कमी खातात. मुख्य जेवण सकाळी साडेदहा-अकराला आणि सूर्य कलल्यावर द्या, दुपारी दही-भात, ताक, कलिंगडाची बी काढलेली फोड.

घशात अडकणाऱ्या गोष्टींबाबत कसलीही सूट नको. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हुरड्याचे आणि हुळ्याचे (भाजलेल्या ओल्या हरभऱ्याचे) दाणे, बोरं, जांभळं, अख्खी द्राक्षं, चिक्की, सीताफळाच्या बिया, कच्च्या गाजराचे तुकडे, चार-पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. शेंगदाणे भाजून बारीक कूट करून द्या, बोराची बी काढून गर चेचा, द्राक्षं उभी चार फोडी करून. हुरडा पार्टीत कुणी प्रेमाने मूठभर दाणे लेकराच्या हातात देतं, तिथे नाही म्हणायला लाजू नका. खाताना लेकरू बसलेलंच हवं. पळताना, रडताना, गाडीवर पुढे बसवून काही भरवू नये.

एक दिवस असा

हा नमुना दीड-दोन वर्षांच्या, अंगावरचं दूध जवळपास सुटलेल्या शाकाहारी मुलासाठी आहे. वाटी म्हणजे आपली लहान, दीडशे मिलीलीटरची.

सकाळी आठला वाटीभर ज्वारीच्या कण्या, निम्म्या दुधात शिजवलेल्या, वर चमचाभर तूप आणि भाजलेल्या तिळाचं कूट.

साडेदहाला अर्धं-पाऊण केळं कुस्करून, त्यात चमचाभर शेंगदाण्याचं कूट.

साडेबारा-एकला अर्धी लहान भाकरी, अर्धी-पाऊण वाटी घट्ट डाळभाजी, तूप, लिंबू. सोबत पेरूची बी काढलेली फोड.

झोपून उठल्यावर चारच्या सुमाराला मऊ धपाटा आणि अर्धी वाटी दही. अंडं चालत असेल तर इथे अंडं.

साडेसातला वाटीभर मूगडाळीची खिचडी, त्यात लाल भोपळा किंवा गाजर, वर तेल-तूप.

झोपण्याआधी पेलाभर दूध, साखर न घालता. नंतर दात पुसून झोप.

हे सगळं मिळून हजार किलोकॅलरीच्या आसपास जातं आणि धान्य, डाळ, दूध, पाला-भोपळा, इतर फळं असे पाच गट भरतात. आठवड्यात आलटून-पालटून कण्यांच्या जागी नाचणीची खीर किंवा मूगडाळीचं धिरडं, भाकरीच्या जागी चकोल्या किंवा थंडीत बाजरी, केळ्याच्या जागी पपई. रोज नवं काही करायची गरज नाही. चार-पाच पदार्थ नीट जमले तरी आठवडा निघतो.

ऊसतोडीला किंवा कामासाठी गाव सोडून जाणाऱ्या घरांनी निघण्याआधी एक पीठ करून घ्यावं. तीन भाग ज्वारी किंवा गहू, एक भाग मूगडाळ, थोडे तीळ, वेगवेगळे खमंग भाजून दळून आणायचे. कोरड्या डब्यात ते महिनाभर टिकतं. कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, चूल पेटली की दहा मिनिटांत दुधात किंवा पाण्यात घट्ट शिजतं, वर तेल आणि चिमूटभर गूळ. प्रवासाच्या दिवशी दुधातल्या दशम्या.

खात नाही तेव्हा

पहिल्या वर्षात बाळाचं वजन सहा-सात किलोंनी वाढतं, दुसऱ्या वर्षात फक्त दोन-अडीच किलोंनी. भूक कमी होणं त्यामुळे ठरलेलंच. एखाद्या दिवशी दोन घास, दुसऱ्या दिवशी वाटी चाटूनपुसून, हेही चालायचंच. आठवड्याचा हिशोब पाहा, एका जेवणाचा नाही.

काय आणि केव्हा वाढायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे त्याला ठरवू द्या. तोंड फिरवलं, ओठ मिटले की थांबा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला आणि पुढच्या वेळेपर्यंत मध्ये काही देऊ नका. नाक दाबून, हात धरून भरवलेलं खाणं मुलाला जेवणाचीच धास्ती बसवतं. मोबाईल दाखवून भरवलं तर घास जातो, पण पोट भरलं की थांबायचं ते लेकरू विसरतं. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणजे आवडत नाही असं नसतं. दहा-पंधरा वेळा चिमूटभर समोर येऊ द्या.

घरातल्या पंगतीत त्याचं वेगळं लहान ताट मांडा. त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्या, सांडू द्या. वेगळ्या ताटाचा एक मोठा फायदा आहे: त्याने नेमकं किती खाल्लं ते दिसतं. आईच्या ताटात खाणाऱ्या मुलाचा हिशोब कुणालाच लागत नाही.

पाणी, आजारपण, वजन

टँकरचं, हौदातलं पाणी उकळून, झाकून ठेवा आणि ओगराळ्याने काढा. पेला बुडवू नका. भरवणाऱ्याचे आणि लेकराचे हात साबणाने धुवा. सकाळचं वरण उन्हाळ्यात संध्याकाळी लेकराला देऊ नये.

जुलाब लागले की आपल्याकडे जेवण तोडतात. तसं करू नका. ओआरएस पाजत राहा, १४ दिवस झिंक द्या, आणि मऊ खिचडी, दही-भात, केळं थोडं थोडं चालूच ठेवा. ताप किंवा जुलाबातून उठल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक खाणं जास्त द्या. खाली आलेलं वजन त्याच काळात भरून निघतं.

महिन्यातून एकदा अंगणवाडीत वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात ठिपका पाडून घ्या. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना तिथून घरी न्यायचा शिधा मिळतो, तो हक्काचा आहे, जरूर आणा आणि तो लेकराच्याच वाट्याला जाऊ द्या. 'अ' जीवनसत्त्वाचा डोस नवव्या महिन्यापासून सुरू होतो, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. ताईंकडच्या पट्टीने दंडाचा घेर मोजून घ्या. १२.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर लेकरू कुपोषणाकडे झुकलंय असं समजा. ११.५ पेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आलेखाची रेघ लागोपाठ दोन महिने आडवी राहिली किंवा खाली वळली, तळवे-डोळे पांढुरके दिसले, दोन्ही पायांवर सूज आली, मूल माती-खडू खायला लागलं, पाणी पिणंही सोडलं किंवा सारखं मलूल पडून राहिलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन डॉक्टरांना दाखवा, आणि जाताना ते कार्ड आणि दोन दिवस लिहिलेला खाण्याचा कागद बरोबर घ्या.